बहारीनमध्ये उसनी गोलकीपर

बहारीनला जाऊन आलेली माणसं किल्ल्याबद्दल, मोत्यांच्या बाजाराबद्दल आणि वाळवंटातल्या एकट्या झाडाबद्दल सांगतात. मी यातलं काहीच पाहिलं नाही. चार दिवसांतला माझा बहुतेक वेळ हिरव्या प्लास्टिकच्या गवताच्या कडेला उभं राहण्यात गेला. तरीही कोणी विचारलं, की जावं का, तर मी जा म्हणते. व्हिसा घरबसल्या ऑनलाइन निघतो, विमान चार तासांच्या आत पोचवतं आणि घड्याळ फक्त अडीच तास मागे करावं लागतं. हिवाळ्यात जाणार असाल तर स्वेटर न्या. मी नेला नव्हता.

माझी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅब आहे. मुलगी मुक्ता चौदा वर्षांची. ती लॅक्रॉस खेळते. लॅबमध्ये येणाऱ्या लोकांना हे एखाद्या तपासणीचं नाव वाटतं, म्हणून इथेच सांगते. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला छोटी जाळी. त्या जाळीत चेंडू झेलायचा, तो घेऊन पळायचं आणि समोरच्या गोलात भिरकावायचा. मुक्ता खेळते त्या प्रकारात एका बाजूला सहा जणी असतात, त्यातली एक गोलकीपर.

शाळेतले खेळाचे सर म्हणाले होते, या खेळात मुली कमी आहेत, ही पटकन पुढे जाईल. पुण्यातल्या अकादमीत गेलो, तर नेमका हाच विचार करून आलेले पुष्कळ आईवडील तिथे आधीच बसले होते. तरी मुक्ता अकादमीच्या 'एलिट' संघात निवडली गेली. हा संघ गावोगाव, आणि आता देशोदेशी, सामने खेळायला जातो. गेली चार वर्षं आमचे शनिवार-रविवार खंबाटकी घाटात आणि अकादमीच्या पार्किंगमध्ये गेले. जवळच्या नात्यातली लग्नं मी फोटोत पाहिली.

एवढं करून मुक्ता बसते. संघात दोन कीपर आहेत, ईरा आणि मुक्ता. ईरा खेळते. मुक्ता छातीवर, हातापायांवर पूर्ण पॅड बांधून, हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसते. पॅड काढायचे नाहीत, कारण कधी गरज लागेल सांगता येत नाही. गरज लागत नाही. कोण किती खेळणार याबद्दल पालकांनी प्रशिक्षकाशी बोलायचं नाही असा अकादमीचा नियम आहे, आणि दुसरं काही बोलायचं असेल तर सामना संपल्यावर चोवीस तास थांबायचं. चोवीस तासांत पालकांचा राग निवतो असा त्यांचा अनुभव असावा. माझा निवत नाही, पण तोवर टूर संपते.

निघताना मी नवऱ्याला सांगितलं होतं, या वेळी बहारीनला ती गोलात उभी राहिली नाही तर मी अकादमीतून तिचं नाव काढणार. पुढच्या वर्षी दहावी आहे. मुक्ताला हे सांगितलं नव्हतं.

गुरुवार, जुफैर

विमानतळावर कस्टमच्या माणसाने काठ्यांची लांबलचक पिशवी उघडायला लावली. एक काठी उचलून जाळीत बोटं घातली आणि हिंदीत विचारलं, "मछली के लिए?" मुलींनी खेळून दाखवायचा प्रयत्न केला, त्यात एकीची काठी ट्रॉलीला लागली आणि तिघांच्या बॅगा खाली आल्या. तो हसला. "यल्ला, जाओ."

बाहेर मिनीबस घेऊन पाष्टे उभे होते. गुहागरकडचे, इथे बरीच वर्षं गाडी चालवतात. मी मराठी बोलतेय हे कळल्यावर त्यांनी मला ड्रायव्हरच्या मागची सीट दिली.

"ताई, या काठ्यांनी नक्की करतात काय?"

"बॉल झेलतात."

"आणि तुमची पोरगी?"

"ती बसते."

पाष्ट्यांनी आरशातून मागे पाहिलं. "मग काठी कशाला आणली एवढी लांबून?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

जुफैर म्हणजे उंच इमारती, खाली रांगेने हॉटेलं आणि सतत गाड्या. जवळच परदेशी नौदलाचा तळ आहे, त्यामुळे पाट्या, मेनू, माणसं सगळ्याच देशांची. मुली संघाबरोबर एका हॉटेलात, पालक आपापली सोय पाहणार, अशी व्यवस्था होती. संध्याकाळी पहिला सामना. दोन इमारतींच्या मधून समुद्रावरचा वारा सरळ मैदानात येत होता आणि माझ्या अंगावर सुती ओढणी. शेवटी मुक्ताचा टॉवेल खांद्यावर घेतला आणि तसाच सामना पाहिला.

आमचा संघ आरामात जिंकत होता. शेवटची आठ मिनिटं उरली तेव्हा हरणं शक्यच नव्हतं. मी प्रशिक्षक निनाद सरांकडे पाहत राहिले. त्यांनी तीन मुली बदलल्या. कीपर बदलली नाही.

ईराची आई, श्वेता, माझ्या शेजारी होती. बाई वाईट नाही. "मुक्ताची एनर्जी किती छान असते ना बाकावर," ती म्हणाली.

"चार वर्षांची साठलेली आहे," मी म्हणाले.

सनद

मी हॉटेलात राहिले नाही. सुजाता कांबळे आणि मी साताऱ्यात लॅब टेक्निशियनचा कोर्स एकत्र केला. मी तिथेच राहिले, ती इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आली. राजधानी मनामाच्या दक्षिणेला सनद नावाचा शांत भाग आहे, बसकी घरं, अरुंद गल्ल्या, तिथे तिचं बिऱ्हाड आहे.

"नंदे, तू अजून तशीच धुमसतीस," गाडीत बसल्याबरोबर ती म्हणाली. मी काहीच बोलले नव्हते.

ज्वारीचं पीठ इथे मिळतं, पण जुनं असतं, भाकरी तुटते. सुजाता उकळत्या पाण्यात उकड काढून मळते आणि अख्खी भाकरी उचलते. वांग्याचं भरीत, भाकरी आणि जेवायला सोबत तिची मुलगी मित्रा. पूर्ण नाव संघमित्रा, वय तेरा, मराठी सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीतून येतं.

"मावशीला तुमच्या टीमचं सांग की," सुजाता म्हणाली. मित्राही लॅक्रॉस खेळते आणि याच स्पर्धेत इथल्या मुलींच्या संघातून उतरणार आहे, हे मला तेव्हा कळलं.

"वी हॅव नो गोली, मावशी. झारा लेफ्ट."

झाराच्या वडिलांची बदली झाली होती. आठवड्यात घर आवरून सगळे गेले.

"मग गोलात कोण उभं राहतं?"

"एव्हरीबडी. बाय टर्न." तिने दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. "इट हर्ट्स."

सकाळी कोपऱ्यावरच्या भट्टीतून सुजाताने खुब्ज आणला. तंदूरच्या भिंतीवर थापलेली, परातीएवढी पातळ रोटी, वर्तमानपत्रासारखी घडी घालून हातात देतात. तिच्यावर इथले लोक माशाचं एक पातळ, खारट कालवण फासतात. सुजाताने आग्रह केला. मी एक घास खाल्ला आणि पुढे साखर घालून घेतली. घाटावरच्या माणसाने इथे हिंमत दाखवायला जाऊ नये.

शुक्रवार, नईम आणि पुन्हा जुफैर

इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते आणि शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत मैदानं रिकामी असतात. सुजाता मला सकाळी नईममध्ये घेऊन गेली. जुनी वस्ती, खाली शिंप्यांची आणि मोबाइलची दुकानं, वर एका ओळखीच्यांचा फ्लॅट. महिन्यातून एकदा इथली बौद्ध कुटुंबं तिथे वंदनेला जमतात. चटया, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, आणि मग प्रत्येकीने आणलेलं एकेक भांडं उघडणं. एका घरची माणसं परवाच कायमची परत गेली होती, खिरीची जबाबदारी त्यांची होती. ती दोघींनी वाटून घेतली होती, एकीने दूध आटवून आणलं, दुसरीने तांदूळ. त्याबद्दल कोणी हळहळलं नाही.

"इथं असंच," सुजाता म्हणाली. "माणूस जातो. राहिलेल्यांनी रेटायचं."

दुपारी आमचा दुसरा सामना झाला. मुक्ता बसली. सामना संपल्यावर मुली पाणी पीत होत्या तेव्हा इथल्या संघाच्या मरियम मिस आमच्या बाकाकडे आल्या. पन्नाशीच्या, काळा पायघोळ अबाया, पायात धावायचे बूट, गळ्यात शिट्टी. शाळेत खेळ शिकवतात. त्यांनी आमच्या मुली बोटाने मोजल्या आणि बोट मुक्ताच्या पॅडवर थांबवलं.

"मेरे पास गोल में कोई नहीं," त्या निनाद सरांना म्हणाल्या. "तुम्हारे पास दो हैं. कल के लिए एक मुझे दे दो."

सरांना वाटलं त्या चेष्टा करतायत. त्या करत नव्हत्या. इथे मुलं वर्षाच्या मधेच देश सोडून जातात, कुठलाच संघ वर्षभर पुरा राहत नाही. म्हणून ज्यांच्याकडे बसलेली मुलगी आहे त्यांनी ती एका सामन्यापुरती दुसऱ्याला द्यायची, अशी इथली पद्धत आहे. स्पर्धेने त्यासाठी वेगळा फॉर्मच ठेवलाय. मुलीची सही, पालकाची सही, झालं. मरियम मिस फॉर्म घेऊनच आल्या होत्या.

"आमच्या संघाची मुलगी दुसऱ्याचा शर्ट घालत नाही," सर इंग्रजीत म्हणाले.

"इधर सब पहनता है," मरियम मिस म्हणाल्या आणि मुक्ताशेजारी बाकावर बसल्या. घाई नव्हती त्यांना.

सर माझ्याकडे वळले. "मॅडम, उद्या त्यांचा सामना आपल्याशीच आहे. ती आपल्याविरुद्ध उभी राहणार, लक्षात येतंय ना?"

चोवीस तास झाले नव्हते. "सर, चार वर्षं ती तुमच्याकडेच शिकली. तुम्हाला तिची भीती वाटते का?"

"भीतीचा प्रश्न नाही. कीपरची जागा एकच असते. मी तरी काय करू? मी हिला मधल्या फळीत घेणार होतो, पळते चांगली. कीपर तुम्हीच लिहून दिलं होतं फॉर्मवर."

मला तो फॉर्म आठवला. अकादमीचं ऑफिस, घाईची वेळ, बाहेर गाडी चुकीच्या जागी लावलेली. मुक्ताच्या दातांना त्याच आठवड्यात तारा बसवल्या होत्या. गोलकीपरला तोंड झाकणारं हेल्मेट असतं असं कोणीतरी म्हणालं. मी 'गोलकीपर' लिहिलं आणि गाडी काढायला गेले. चार वर्षं मी ज्या माणसावर चिडत होते त्याच्याकडे ही एक गोष्ट माझ्याच हस्ताक्षरात होती.

मुक्ता ऐकत होती. "मला वाटलं, सरांनी निवडलं मला कीपर म्हणून," ती म्हणाली. आमच्या दोघांकडेही न बघता तिने मरियम मिसकडून पेन घेतलं, फॉर्मवर सही केली आणि कागद माझ्यापुढे धरला. मी खाली सही केली. सर निघून गेले. श्वेता म्हणाली, "नंदाताई, हे जरा जास्तच झालं हं." असेलही.

संध्याकाळी जेवायला तासभर मुक्ताला माझ्याबरोबर सोडलं. आम्ही हॉटेलजवळच शोरमा घेतला आणि बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो.

"तू कीपर का लिहिलंस?"

"तुझ्या दातांच्या तारा नव्या होत्या."

"एवढंच?"

"एवढंच."

तिने शोरम्यातली लोणच्याची काकडी काढून माझ्या कागदावर ठेवली. "आई, तारा निघून दोन वर्षं झाली."

"मी फॉर्म विसरले होते. खरंच विसरले. सांगू का सरांना, जागा बदला म्हणून? मधल्या फळीत घेतील म्हणे."

"नको. मला गोलच आवडतो. तिथून सगळं दिसतं. कोण कुठे चुकतंय ते सगळं. मला फक्त उभं राहायचंय."

मग मी तिला सांगून टाकलं की या वेळी बसवलं असतं तर मी तिचं नाव काढणार होते.

"माहितीय. बाबांनी सांगितलं."

"कधी?"

"तू त्यांना सांगितलंस त्याच दिवशी."

शनिवार, मैदान

इथल्या पालकांची सामना पाहण्याची रीत वेगळी आहे. आमचे लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या लावून एका ओळीत बसतात आणि दर पाच मिनिटांनी मोबाइलवर व्हिडिओ काढतात. मरियम मिसच्या बाजूला एक मोठी सतरंजी होती. तिच्यावर बहारीनी आया, केरळी आया, सुजाता, दोन आज्या आणि सगळ्यांच्या मधे शेवयांचं भांडं. वेलची-केशर घातलेल्या गोड शेवया आणि त्यांच्यावर पसरलेलं ऑम्लेट. हा इथला न्याहारीचा पदार्थ आहे. मी दोन्ही वेगळं करून खायला लागले तर एका आजीने माझ्या हातातला चमचा घेऊन ते पुन्हा एकत्र केलं. चांगलं लागतं. घरी करून पाहिलं, नवऱ्याने ऑम्लेट आधी संपवलं.

त्या दिवशी मी कुठे उभं राहायचं हा प्रश्नच होता. सतरंजीवर बसले.

मुक्ता पिवळ्या शर्टात गोलात उभी राहिली. गोलकीपरने मागून ओरडून बचावाच्या मुलींना हलवायचं असतं, हे तिला पाठ आहे, बाकावर बसून ती मनात तेच करत आली आहे. पुढे मित्रा होती आणि मित्राला मराठी समजतं, हे तिला कळलं होतं. मग काय. "मित्रा, डावीकडे! मागे ये, मागे! उजवी मोकळी आहे!"

मित्रा डावीकडे गेली. आमच्या पुण्याच्या मुली उजवीकडून आल्या. त्या मराठीच होत्या. मुक्ता जे जे ओरडेल ते त्यांना मित्रापेक्षा आधी कळत होतं. उजवी मोकळी आहे असं ती म्हणायची आणि त्या उजवीकडून गोल करायच्या. पहिल्या अर्ध्यात सहा गोल झाले. आमच्या खुर्च्यांकडून हसण्याचा आवाज आला. मी शेवया खाल्ल्या, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

मध्यंतरात मुक्ता हेल्मेट काढून गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. मित्रा तिच्याशी भरभर काहीतरी बोलत होती, मधेच हाताने दिशा दाखवत. मरियम मिस फक्त ऐकत होत्या, मग मान हलवली.

दुसरा अर्धा सुरू झाला आणि मुक्ता अरबीत ओरडली, "यमीन! यमीन!"

मित्रा उजवीकडे गेली. तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या, कारण त्यांनाही हे कळत होतं. आमच्या मुली क्षणभर थांबल्या. "यसार!" मुक्ता ओरडली, आणि सगळ्या डावीकडे. चेंडू परत मिळाला की "यल्ला!" आणि समोरचीचा फटका अडवला की "खलास!" एवढ्या चार शब्दांवर तिने उरलेला सामना चालवला.

माझ्या मागे पाष्टे येऊन उभे राहिले होते. "ताई," ते म्हणाले, "यमीन-यसार आलं म्हणजे ही आता इथे टॅक्सी चालवील."

आमच्या कप्तानाने जवळून मारलेला एक फटका तिने छातीवर घेतला. तो आवाज सतरंजीपर्यंत आला. ती खाली बसली. मी उठले. सुजाताने माझा हात धरला, "थांब की." मुक्ता उठली, जाळीत चेंडू घेतला आणि लांब फेकला. त्यावर पिवळ्या संघाचा गोल झाला. मी टाळ्या वाजवल्या, आणि मग लक्षात आलं की हा गोल आपल्यावर झाला. वाजवतच राहिले.

दुसऱ्या अर्ध्यात आमच्या संघाला एकच गोल करता आला. सामना आम्ही, म्हणजे पुणेकरांनी, सात-पाच असा जिंकला. पिवळ्या संघाने मुक्ताला उचलायचा प्रयत्न केला, पॅडांसकट ती उचलली गेली नाही. आमच्या मुली एकेक करून येऊन तिच्या हेल्मेटवर टपली मारून गेल्या. ईरा सगळ्यात शेवटी आली. "मला पण शिकव ते," ती म्हणाली.

दुपारचा अंतिम सामना ईरा पूर्ण खेळली आणि छान खेळली. ती चांगली आहेच, माझी तक्रार तिच्याबद्दल कधीच नव्हती. मुक्ता बसली, पण या वेळी सामना संपल्यावर बाकावरून उठून थेट सरांपुढे गेली. मी काही पावलांवर पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते.

"सर, पुढच्या टूरला मी किती खेळणार?"

"आईंशी बोलतो मी," सर म्हणाले.

"आईशी नको. माझ्याशी बोला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटल्यांची झाकणं लावत राहिले. ते सोपं नव्हतं.

"विचार करून सांगतो."

"विमानात करा," मुक्ता म्हणाली. "माझी सीट तुमच्या मागेच आहे."

रविवार, परत

निघताना सुजाताने खुब्जचा गठ्ठा आणि हलव्याचा डबा दिला. हा हलवा केशरी, चिकट, आपल्या माहीमच्या हलव्याशी नातं नसलेला. मित्रा गाडीपर्यंत आली. "टेल मुक्ता टु कम बॅक," ती म्हणाली. मग जरा थांबून, जड जिभेने, "परत ये म्हणावं."

विमानात माझी जागा खूप पुढे होती. जेवणाचे ट्रे उचलून नेल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर निनाद सर आपल्या सीटवर गुडघे टेकून, सीटच्या पाठीवर हात ठेवून मागे तोंड करून बसले होते आणि मुक्ता बोलत होती. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं, तेव्हा सर बोलत होते. पट्टे बांधायची सूचना होईपर्यंत ते तसेच होते. हवाईसुंदरीने त्यांना सरळ बसायला सांगितलं.

मुंबईत सामानाच्या पट्ट्याजवळ मी तिला विचारलं, "काय ठरलं?"

"पुढचे तीन सामने, एक अर्धा ईरा, एक अर्धा मी."

"आणि नाही दिलं तर? मी बोलू?"

"नाही दिलं तर मी सोडणार," मुक्ता म्हणाली. "मी. तू नाही."

काठ्यांची पिशवी समोर आली. मी हात पुढे केला, पण तिने ती आधीच खांद्यावर घेतली होती.